सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि रणांगणावरची शस्त्रक्रिया

सोलापूर म्हटले की आपल्याला चादरी आठवतात. त्याच गावात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. अशा घरातला मुलगा डॉक्टर होतो तेव्हा साऱ्या घराचे डोळे त्याच्याकडे लागतात. घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. आपल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्याला वर्ष होण्याच्या आतच चिनी सेनापती चू तेह यांचे नेहरूंना पत्र आले. त्यांना मदत हवी होती ती डॉक्टरांची आणि औषधांची. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, निधी जमला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने पाच डॉक्टर निघाले. डॉ. अटल प्रमुख, त्यांच्याबरोबर डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. चोळकर आपल्या नागपूरचे. कोटणिसांना तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. परत जाण्याची मोकळीक होती, पण ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथून पुढे ते उत्तर चीनच्या डोंगरांत, जेथे प्रत्यक्ष लढाई चालली होती तेथे, गेले.

त्या डोंगरात डॉक्टरचे काम काय असते, हे समजून घेतल्याशिवाय कोटणिसांचे मोठेपण कळत नाही. तोफगोळ्याचा तुकडा अंगात शिरतो तो एकटा शिरत नाही. माती आणि कपड्याची चिंधीही बरोबर नेतो. काही तासांत जखम सडू लागते. पेनिसिलीन अजून रुग्णांच्या हाती आलेले नव्हते. मेलेले मांस वेळेवर कापून काढणे हाच मुख्य उपाय. उशीर झाला की पाय जातो, आणखी उशीर झाला की माणूस जातो. म्हणजे शत्रू जसा जपानी, तसाच तो घड्याळाचा काटाही! पूर्वी जखमीला दूरच्या रुग्णालयात आणीत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी ही रीत उलटी केली. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी बाटल्यांतले रक्त मोटारीतून आघाडीवर नेले होते. चीनमध्ये मोटारीला रस्ताच नव्हता, म्हणून शस्त्रक्रियेचे सारे सामान खेचरांच्या पाठीवर लादून ते जखमींकडे जात. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले.

त्यांचे काम पुढे कोटणिसांकडे आले. १९४० च्या मोठ्या लढाईत ८०० हून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले. एकदा तर सलग ७२ तास ते झोपेवाचून शस्त्रक्रिया करीत होते. जपानी नाकेबंदीमुळे औषधांची चणचण. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. आमच्या खानदेशात दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर उभे राहतात. ते पाहताना मला हटकून त्या धुतलेल्या पट्ट्या आठवतात.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. एवढ्यात ते चिनी बोलायला, लिहायला शिकले होते आणि खेड्यांतल्या मुलांना चिनी भाषेतून शस्त्रक्रिया शिकवीत होते. मला वाटते, ७२ तासांच्या जागरणापेक्षाही हे काम मोठे. कारण एका डॉक्टरचे दोनच हात. त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे हे लग्न सर्वांना ठाऊक झाले. आजाराकडे मात्र कमी लोकांचे लक्ष जाते. कोटणिसांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडी सोडून जाण्याचा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. याला आपण त्याग म्हणतो आणि पुढे जातो. मला तसे पुढे जाता येत नाही. एखाद्या जवानाला असे झटके आले असते तर याच डॉक्टरांनी त्याला हट्टाने मागे धाडले असते. माझे मामा तोफखान्यातून निवृत्त होऊन गावी आले. एका कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. पण विचारले की काही झाले नाही म्हणतात आणि बैलांकडे निघून जातात. फौजेत राहिलेल्या माणसाला स्वतःचे दुखणे मोजायची लाज वाटते की काय कोण जाणे. डॉक्टरही त्यातून सुटत नाही असे दिसते.

शस्त्रक्रियेवरचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी चिनी भाषेत पुरे केले होते. दुसरे लिहायला घेतले होते, ते अपुरेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

यिनह्वाही पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. पण डॉक्टर होण्याआधीच, १९६७ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. क्वो चिंगलान यांनी भारतात अनेकदा येऊन कोटणीस कुटुंबाची भेट घेतली. २०१२ साली त्या वारल्या.