कर्ज मागितले, पण ताठ मानेने : चिंतामणराव देशमुख

हुबळी, प्रतिनिधी : हुबळी-धारवाडच्या मधल्या रस्त्यावर धावणारी 'चिगरी' बस आणि जुळ्या शहरांच्या काही भागांत चोवीस तास येणारे नळाचे पाणी, या दोन्ही कामांत जागतिक बँकेच्या कर्जाचा वाटा आहे. पाण्याच्या याच योजनेत बेळगाव आणि कलबुर्गीचेही काही भाग होते. ज्या परिषदेत या बँकेचा जन्म झाला, तिथे भारताच्या बाजूने एक मराठी माणूस बसला होता, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यांचे नाव चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. सीमाभागातल्या जुन्या पिढीला ते आठवतात ते १९५६ च्या राजीनाम्यामुळे. पण त्याआधीची बारा वर्षे हा माणूस जगाच्या सावकारांसमोर बसून गरीब देशाची बाजू मांडत होता. ती हकिकतही तितकीच मोलाची आहे.

रोहा ते केंब्रिज

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास, महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील होते. बालपण रोह्याला गेले. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञान घेतले आणि वनस्पतिशास्त्राचे बक्षीस पटकावले. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेतही ते पहिलेच.

त्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनला होते. ही नोकरी सोडून देशकार्यात यावे का, असा प्रश्न तरुण चिंतामणरावांनी त्यांच्यापुढे ठेवला. टिळकांनी नोकरी सोडू नये असाच सल्ला दिला. स्वराज्य आल्यावर कारभार चालवणारी माणसे लागतील, हा त्यामागचा विचार. नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. तिथे जमीनसाऱ्याच्या कामापासून प्रांताच्या अर्थखात्याच्या सचिवपदापर्यंत त्यांनी सगळे पाहिले. शेतकऱ्याला सारा किती झेपतो, दुष्काळात सूट किती द्यायची, हे शिक्षण खेड्यातच झाले.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते बँकेचे गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय.

उधारीची वही

ते दिवस महायुद्धाचे होते. ब्रिटनने युद्धासाठी भारतातून कापड, धान्य, ताग, पोलाद, सगळे उचलले, पण रोख पैसे दिले नाहीत. लंडनमध्ये भारताच्या नावावर पौंड जमा दाखवले. सोप्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईकाने दुकानातला माल नेला आणि वहीत उधारी लिहून ठेवली. इकडे रिझर्व्ह बँकेला त्या पौंडांच्या आधारावर नोटा छापाव्या लागल्या, महागाई भडकली, आणि १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. युद्ध संपेपर्यंत ही उधारी हजार कोटी रुपयांच्या कितीतरी वर गेली होती.

अशा वेळी, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी ४४ देशांची परिषद भरली. नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथेच ठरली. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रजच होते. सोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ ही भारतीय मंडळी. देश पारतंत्र्यात होता, तरी या मंडळींनी ब्रिटनविरुद्धचा आपला मुद्दा भर परिषदेत मांडला : आमची अडकलेली रक्कम मोकळी करण्याची काही सोय नाणेनिधीतून व्हावी. ब्रिटनच्या वतीने लॉर्ड केन्स यांनी ते मान्य केले नाही. हा दोन देशांमधला मामला आहे, दोघे मिळून सोडवू, असे त्यांनी सांगितले. मागणी फेटाळली गेली, पण भारत हात पसरणारा नसून ब्रिटनचा सावकार आहे, ही गोष्ट जगासमोर नोंदली गेली. स्वातंत्र्यानंतर ही रक्कम हप्त्याहप्त्याने सुटली.

दुसरा मुद्दा विकासाचा. युरोप बेचिराख झाला होता आणि नव्या बँकेचा पैसा तिकडेच जाणार, हे उघड दिसत होते. झालेही तसेच, १९४७ साली बँकेचे पहिले कर्ज फ्रान्सला गेले, २५ कोटी डॉलर. पण भारत, मेक्सिको अशा देशांनी परिषदेतच आग्रह धरला होता की पडलेली घरे उभारणे आणि ज्यांना घरच नाही त्यांना घर देणे, या दोन्हींना सारखा मान हवा. बँकेच्या घटनेत पुनर्रचना आणि विकास या दोन्ही कामांचा सारखाच न्याय्य विचार करावा, असे कलम आले. आज एखाद्या महापालिकेच्या पाइपलाइनला बँक पैसे देते, त्याचे मूळ त्या कलमात आहे.

रेल्वे, ट्रॅक्टर आणि गहू

ऑगस्ट १९४९ मध्ये भारताला जागतिक बँकेचे पहिले कर्ज मिळाले : रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर. पाठोपाठ १ कोटी डॉलर शेतीच्या यंत्रांसाठी. कांस गवताने गिळलेल्या जमिनी ट्रॅक्टरने मोकळ्या करायच्या होत्या. १९५० साली दामोदर खोऱ्याच्या विजेसाठी तिसरे कर्ज आले. जून १९४९ मध्ये रिझर्व्ह बँक सोडल्यावर चिंतामणराव अमेरिका व युरोपात भारताचे खास आर्थिक प्रतिनिधी झाले. १९५० मध्ये ते नियोजन मंडळाचे सदस्य आणि १ जूनला अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी पॅरिसला भरलेल्या नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या वार्षिक सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.

पण खरी परीक्षा १९५१ साली झाली. देशात धान्याची टंचाई होती. अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला. तिथल्या संसदेत कित्येक महिने काथ्याकूट चालला. कोरियाच्या प्रश्नावर भारत अमेरिकेची री ओढत नाही, याचा तिथे राग होता. गव्हाच्या बदल्यात त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू मागावी, असेही काही जण म्हणत होते. अणुशक्तीसाठी लागणारे थोरियम तिच्यात असते. भारताने राजकीय अटी मान्य केल्या नाहीत आणि मधल्या काळात रशिया व चीनकडूनही धान्य विकत घेतले. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचा करार झाला, आणि तो कर्ज म्हणून. त्या कर्जाच्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर पुढे भारतातल्या विद्यापीठांची पुस्तके, प्रयोगशाळांची उपकरणे आणि अध्यापकांची देवाणघेवाण यांवर खर्च झाले, हे फारच थोड्यांना माहीत असते.

जानेवारी १९५२ मध्ये अमेरिकेशी तांत्रिक साह्याचा करार झाला आणि त्याच वर्षीच्या गांधी जयंतीला ५५ ठिकाणी समूह विकास योजना सुरू झाल्या. आपल्याकडचे बीडीओ आणि ग्रामसेवक हे त्याच योजनेचे फळ. तरीही पहिल्या पंचवार्षिक योजनेत प्रत्यक्ष जो खर्च झाला, त्यात परदेशी मदत दहा टक्क्यांच्या आसपासच होती. बाकी पैसा कर, बचत आणि देशातल्या कर्जातून उभा केला. बाहेरचा पैसा ठरलेल्या कामालाच लावायचा आणि घरखर्च घरच्या कमाईतूनच भागवायचा, हा त्या काळातल्या कारभाराचा नियम होता.

सगळेच बरोबर झाले असे नाही. दुसऱ्या योजनेचा आराखडा झाला तेव्हा अर्थखाते त्यांच्याकडेच होते. अवजड उद्योगांसाठी यंत्रे मागवता मागवता परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९५८ साली मदत करणाऱ्या देशांचा गट जमवावा लागला. तोवर चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते. पण त्या ओढाताणीच्या जबाबदारीतून त्यांना पुरते मोकळे करता येणार नाही.

१९५६ : राजीनामा

त्या वेळी हुबळी-धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हा सगळा मुलूख मुंबई राज्यात होता. हुबळीत कर्नाटक एकीकरणाची चळवळ १९५३ सालीच पेटली होती, आणि कन्नड माणसाची ती मागणी भाषेच्या न्यायाचीच होती. तोच न्याय मराठी माणसाला लावताना मात्र मुंबई शहर वेगळे काढून केंद्राकडे ठेवायचे घाटत होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाला, माणसे गेली. चौकशीची मागणी मान्य झाली नाही. चिंतामणराव तेव्हा कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर झाला, हाही त्यांचा आक्षेप होता आणि तो त्यांनी लोकसभेत स्पष्टपणे मांडला.

राजीनाम्याने नकाशा लगेच बदलला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याच दिवशी बेळगावही गेले. मुंबईसह महाराष्ट्र व्हायला १९६० उजाडले. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांनी कन्नड शेजाऱ्यांसोबत नव्या राज्यात संसार मांडला. पण दिल्लीतली सगळ्यात वजनदार खुर्ची सोडणारा आपला एक माणूस होता, याचा आधार सीमाभागाला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिला.

नंतरची वर्षे

सत्ता गेल्यावर ते घरी बसले नाहीत. १९६१ पर्यंत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठासारखी नवी विद्यापीठे तेव्हाच मूळ धरत होती. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पत्नी दुर्गाबाई स्वतः संविधान सभेच्या सदस्य आणि समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. १९५३ साली झालेल्या त्यांच्या लग्नाला साक्षीदार म्हणून खुद्द पंडित नेहरू होते. कालिदासाचे 'मेघदूत' चिंतामणरावांनी मराठीत आणले, हेही विसरू नये. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते हरले. १९७५ साली पद्मविभूषण मिळाले.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. कोकणात जन्म, नागपूरकडे नोकरी, दिल्लीत सत्ता आणि तेलुगू मुलखात अखेर. राज्यांच्या सीमा या माणसाने कधीच मोजल्या नाहीत. मोजले ते फक्त दोनच हिशेब : घेतलेल्या पैशाचे काय केले, आणि तो घेताना काय गहाण टाकले. दुसऱ्या रकान्यात त्यांनी शेवटपर्यंत काहीच लिहू दिले नाही.