नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ: वैमानिक जे. आर. डी. टाटा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या 'पुस मॉथ' विमानाने टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले. अहमदाबाद येथे इंधन भरून ते दुपारी मुंबईत जुहू येथे उतरले. विमानात रेडिओ नव्हता. वाटेत दिशा दाखवणारी यंत्रणाही नव्हती. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा पाया घालणाऱ्या या उड्डाणाचे वैमानिक होते जे. आर. डी. टाटा.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांच्या कुटुंबाचे शेजारी होते. विमानाची ओढ त्यांना तेथेच लागली. पुढे बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला.

त्या काळी मार्ग शोधण्याची साधने तीनच होती: नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. वेग आणि वेळ यांवरून कापलेले अंतर काढावयाचे, वाऱ्याचा हिशेब करून दिशा ठरवावयाची आणि खाली दिसणाऱ्या नद्या, लोहमार्ग व किनारा यांच्याशी ताळा जुळवावयाचा. ताशी १५ मैलांच्या आडव्या वाऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर तासाभरात विमान १५ मैल बाजूला जाई.

मुंबईहून पुढचे टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. १९३८ मध्ये ही सेवा तिरुचिरापल्लीमार्गे कोलंबोपर्यंत पोहोचली. तिरुचिरापल्लीच्या पूर्वेकडील कावेरीच्या सपाट प्रदेशात ओळखीसाठी डोंगर नाहीत. तेथे नजरेने मार्ग शोधणाऱ्याला कुंभकोणमची उंच गोपुरे, शहराच्या उत्तरेची कावेरी, दक्षिणेची अरसलार आणि तंजावूरकडे जाणारा लोहमार्ग याच खुणा उपयोगी पडतात.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि १९४८ मध्ये मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. दरम्यान रेडिओ दिशादर्शक आले आणि कालांतराने उपग्रहांनी विमानाचे स्थान काही मीटरपर्यंत अचूक सांगण्यास प्रारंभ केला. भारताने 'गगन' ही स्वतःची पूरक उपग्रह यंत्रणाही उभारली.

तरीही व्यावसायिक परवान्यासाठी नेव्हिगेशनची स्वतंत्र परीक्षा आणि किमान ३०० सागरी मैलांचे लांब पल्ल्याचे उड्डाण आजही आवश्यक आहे. याचे कारण केवळ परंपरा नव्हे. उपग्रहांचे संकेत क्षीण असतात; ते दडपता येतात, तसेच खोटे संकेत पाठवून विमानाची दिशाभूलही करता येते. अशा वाढत्या घटनांमुळे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांसाठी परिपत्रक काढले. पडद्यावरील स्थान खोटे आहे हे ओळखण्यासाठी वैमानिकाजवळ स्वतःचा हिशेब असावा लागतो.

जे. आर. डी. यांनी तोच कराची-मुंबई मार्ग १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून एकट्याने पुन्हा पार केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. ज्या हिशेबावर त्यांचे पहिले टपाल जुहूला पोहोचले, तो आजच्या शिकाऊ वैमानिकालाही चुकलेला नाही.