यंत्रयुगाची पायाभरणी करणारा सोलापूरकर

सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दरवर्षी शेकडो विद्यार्थी अभियांत्रिकीचे धडे गिरवण्यासाठी येतात. त्यांच्यापैकी अनेकांना वालचंद हे नाव केवळ एका संस्थेचे म्हणूनच ठाऊक असते. ज्या माणसाचे हे नाव, त्याने स्वतः पदवी कधीच पूर्ण केली नव्हती, आणि तरीही यंत्र हाताळणाऱ्या हजारो भारतीय हातांना काम मिळवून देणाऱ्या उद्योगांची मालिका त्याने उभी केली, ही बाब मात्र फारशी आठवली जात नाही.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका सधन जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. सोलापुरात शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. पण शिक्षण अर्धवट सोडून घरी परतले. वडिलोपार्जित धंद्यात त्यांचे मन रमले नाही. १९०३ मध्ये रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाचे कंत्राट घेतले. व्यापाऱ्याच्या गादीवरून उठून ते मुरूम-मातीच्या कामावर उतरले, ते कायमचे.

पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्याकडे आली. अशा कामात कंत्राटदाराचे भवितव्य यंत्राच्या प्रकृतीवर अवलंबून असते. यंत्र बंद पडले, तर मजुरी चालूच राहते आणि मुदत मात्र टळते. साहजिकच यंत्र आणण्याइतकेच ते चालते ठेवणारा माणूस मिळणे महत्त्वाचे ठरते. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. त्यांच्या निधनानंतर याच कंपनीने कोयना धरणाचे बांधकाम केले.

त्या काळी अवजड यंत्रे परदेशातून येत आणि त्यांच्यावरचे अधिकारीही बहुधा परदेशीच असत. याचा सर्वाधिक प्रत्यय समुद्रावर येई. जहाजावर खलाशी भारतीय, तर अधिकारी आणि इंजिनियर प्रामुख्याने ब्रिटिश असत. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परकीय कंपन्यांच्या दरयुद्धाशी झुंजतानाच देशी तरुणांना जहाजावरील अधिकारपदे मिळावीत, ही मागणीही जोर धरत गेली. १९२७ मध्ये मुंबईत डफरिन हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि भारतीय तरुणांना या क्षेत्राचे दार प्रथमच पद्धतशीरपणे उघडले.

डिझेल इंजिनाशीही वालचंदांचा संबंध आला. साताऱ्याजवळचा कूपर कारखाना १९४० च्या सुमारास त्यांच्या समूहात आला. लोखंडी नांगरांपासून सुरुवात केलेल्या या कारखान्यात डिझेल इंजिने तयार होत. विहिरीवरचा पंप आणि गावची पिठाची गिरणी अशाच इंजिनांवर चालू लागली. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरातील हवा दाबून तापवली जाते आणि त्यात इंधनाचा फवारा सोडताच ते पेट घेते. म्हणूनच दाब, फवारा आणि त्यांची वेळ यांचे गणित हातात बसलेला कारागीर लागतो. ही विद्या पुस्तकात वाचून पुरत नाही. ती इंजिन खोलून आणि पुन्हा जोडूनच अंगी मुरते.

२३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत देशाला तोवर अनुभव जवळजवळ नव्हता. त्यामुळे कारखाना उभारणे म्हणजे कामगार घडवणेही होते. फिटर, टर्नर, मेकॅनिक तिथेच तयार व्हायचे होते.

वालचंद शिक्षणतज्ज्ञ नव्हते, धर्मादाय कार्यकर्तेही नव्हते. ते नफ्या-तोट्याचा हिशेब पाहणारे उद्योजक होते, आणि त्यांचे सगळेच उद्योग त्यांच्या हाती राहिले नाहीत. विमान कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. गोदीही पुढे सरकारकडे गेली. कुर्ल्याच्या मोटारी रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. पक्षाघाताने प्रकृती खालावलेल्या वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे निधन झाले.

मालकी बदलली, तरी शिकलेला हात मात्र कोणी परत घेऊ शकत नाही. बंगळूर आणि विशाखापट्टणमच्या कारखान्यांत पुढे कारागिरांच्या पिढ्या घडल्या. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले; सोलापूरची संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली.

आज आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे आणि रस्ते, धरणे, खाणी यांच्या कामांवरील अवजड यंत्रांना कुशल तंत्रज्ञ लागतातच. तरीही हात काळे करणारे शिक्षण दुय्यम, ही समजूत अनेक मध्यमवर्गीय घरांत टिकून आहे. सोलापूरच्या सावकाराचा मुलगा सव्वाशे वर्षांपूर्वी गादी सोडून रूळ टाकायला गेला, याचा विसर निदान सोलापूरकरांना तरी पडू नये.