ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ आणि लेखिका होत्या. महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. पालकांना घरच्या घरी मुलांच्या वाढीकडे पाहण्याची दृष्टी देणे आणि शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांच्या दारी शाळा नेणे, ही त्यांच्या कार्याची दोन मुख्य अंगे होत.

जीवन

ताराबाईंचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. सुधारकी वातावरणामुळे मुलींना शिकण्याची मोकळीक मिळाली आणि ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृ. वा. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२० मध्ये मुलगी झाली. परंतु संसार टिकला नाही. १९२१ मध्ये लहान मुलीला घेऊन त्या पतीपासून वेगळ्या झाल्या व राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. त्या काळी एकट्या स्त्रीला असे पद मिळणे दुर्मीळ होते.

मुलीला शिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. घोकंपट्टी आणि छडी यांवर चालणारी शाळा त्यांना मान्य नव्हती. त्याच शोधात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची माहिती त्यांना मिळाली. सुरक्षित पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. त्यांच्या आयुष्याला वळण देणारा निर्णय हाच. आणि तो घेतला तो शिक्षणतज्ज्ञ म्हणून नव्हे, आई म्हणून.

पद्धतीचे मूळ

गिजुभाईंनी स्वीकारलेली माँटेसरी पद्धत मुळात विकासात मागे राहिलेल्या मुलांसाठी केलेल्या प्रयोगांतून निघाली होती. मारिया माँटेसरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये बौद्धिक दुर्बलता असलेल्या मुलांना शिकवताना इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या साधनांचा आधार घेतला. स्पर्श, वजन, आकार, नाद यांच्या अनुभवातून ही मुले शिकू शकतात, असे त्यांना आढळले. तेव्हा हीच रीत सर्वसाधारण मुलांनाही उपयोगी पडेल, या विचाराने १९०७ मध्ये त्यांचे पहिले बालगृह निघाले. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते आणि तुलना, शिक्षा व बक्षीस यांनी ती वाढत नाही, हे तत्त्व त्या अनुभवातून आले. ताराबाईंनी ते आयुष्यभर धरून ठेवले.

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामात ताराबाईंचा प्रमुख वाटा होता. संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती १९३३ पासून निघू लागली. तिचे संपादन त्यांनी केले. या मासिकाचा वाचक केवळ शिक्षक नव्हता. हट्ट, भीती, खाणेपिणे, खेळ अशा घरगुती विषयांवर आईबापांशी ते सरळ बोलत असे. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

बोर्डी आणि कोसबाड

शहरातील बालमंदिरे सुखवस्तू कुटुंबांपुरती राहिली, ही खंत त्यांना होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडीत वस्तीवरची मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीवर नेण्यात आली. एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवायची, नखे काढायची, हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आई समोरच काम करीत असे आणि पाहता पाहता तीही शिकत असे. अंगणवाडी हा शब्द येथूनच रूढ झाला.

माँटेसरीची विकत मिळणारी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले आणि माती आली. इंद्रियशिक्षणाचा हेतू तोच राहिला, खर्च जवळपास उरला नाही. साधनांची ही अदलाबदल हे ताराबाईंचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथील वारली मुले गुरे राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यामुळे शाळेच्या ठरलेल्या वेळा त्यांच्या कामाच्या नव्हत्या. मुलांना शिक्षणाची आवड नाही, हा समज खोडून काढण्यासाठी ताराबाईंनी शाळेचाच आकार बदलला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच छताखाली आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी रानातच भरणारी कुरणशाळा निघाली.

सन्मान आणि उत्तरकाळ

ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे नेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने आपल्या केंद्रांसाठी अंगणवाडी हेच नाव घेतले. आज वजन-उंचीच्या नोंदी ठेवताना एखादे मूल उशिरा चालते किंवा बोलत नाही, हे अनेकदा प्रथम लक्षात येते ते गावच्या अंगणवाडीसेविकेच्या.