धुऱ्यावरचे मूल आणि ताराबाईंचे अंगण

फवारणीचा हंगाम सुरू झाला की बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी डॉक्टरला एक दृश्य ओळखीचे असते. आई-वडील सोयाबीनमध्ये, मूल धुऱ्यावर आणि शेजारी शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले कीटकनाशक. मूल दवाखान्यात येते तेव्हा तोंडाला फेस असतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. आई रडत सांगते की त्याला हात लावू नको म्हणून बजावले होते. अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि लग्नानंतर आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला आल्या. संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ते मानाचे पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. धाक, शिक्षा आणि आमिष यांच्याशिवाय मूल शिकते, हा तिथला पाया होता. मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीत मूल भाजी चिरते, पाणी ओतते, खऱ्या वस्तू हाताळते. हात असाच सावध होतो. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ही महागडी साधने खेड्यातल्या मुलाला कोण देणार? वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. आधी आंघोळ, नखे, केस. मग बिया, शिंपले, पाने घेऊन खेळ. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोहोचला.

त्यांच्या कामातून मी डॉक्टर म्हणून एक गोष्ट घेतली. तीन वर्षांच्या मुलाला बजावून ते सुरक्षित होत नाही. त्याची सुरक्षितता मोठ्यांनी भोवतालात मांडावी लागते. औषध मूळ डब्यातच आणि कुलपात ठेवा. खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. विहिरीला कठडा, हौदाला झाकण हवे. मळणीयंत्र चालू असताना मुले लांब, आणि त्यांच्याजवळ एक मोठे माणूस. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र हाताने करून दाखवा: कुटारात हात घालण्याआधी काठीने हलवायचे, अंधारात टॉर्च घ्यायचा, विळा कसा धरायचा आणि कुठे ठेवायचा.

तरीही औषध पोटात गेलेच, तर ओकारी काढू नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. साप चावल्यास चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका. तो अवयव न हलवता थेट दवाखाना गाठा.

ताराबाईंनी मुलाला शाळेपर्यंत यायला लावले नाही, त्या त्याच्या अंगणापर्यंत गेल्या. यंदा फवारणीला निघताना मूल धुऱ्यावर न नेता अंगणवाडीत सोडले, तरी त्यांच्या कष्टाचे चीज होईल.