विल्यम हार्डिंग लाँगली

विल्यम हार्डिंग लाँगली (१८८१ – १९३७) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होते. छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांच्यासह १९२६ मध्ये त्यांनी पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली.

जीवन
लाँगली यांचा जन्म कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात झाला. ते बाल्टिमोर येथील गाउचर महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. फ्लोरिडातील ड्राय टोर्तुगास बेटांवरील कार्नेगी संस्थेच्या सागरी प्रयोगशाळेत ते उन्हाळ्यात संशोधन करीत. संस्थापक संचालक आल्फ्रेड मेयर यांच्या १९२२ मधील निधनानंतर तिची धुरा त्यांच्याकडे आली.

संशोधन
प्रवाळ खडकांवरील माशांचे भडक रंग लक्ष वेधण्यासाठी असतात, हे मत लाँगली यांना मान्य नव्हते. मासा त्याच्या स्वाभाविक परिसरात पाहिल्यास तेच रंग त्याला लपण्यास साहाय्यभूत ठरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाण्याबाहेर काढलेल्या माशाचे रंग लवकर पालटत असल्याने ते पाणबुड्याचे शिरस्त्राण घालून तळाशी उतरत व तेथेच निरीक्षणे करीत. कृष्णधवल छायाचित्रांतून रंगांचा हा पुरावा मिळणे शक्य नव्हते.

रंगीत छायाचित्रण
पाणी तांबडा प्रकाश प्रथम शोषून घेते. त्यामुळे खोलीबरोबर तांबडे व नारिंगी रंग मावळत जाऊन निळसर-हिरवी छटा उरते. त्या काळच्या ऑटोक्रोम काचपट्टीवर बटाट्याच्या पिष्टाच्या रंगीत कणांचा थर असे. हा थर बराचसा प्रकाश अडवीत असल्याने उघडीप दीर्घकाळ द्यावी लागे, आणि पोहणारा मासा तेवढा वेळ स्थिर राहत नसे.

नॅशनल जिऑग्राफिकचे मार्टिन यांनी यासाठी काचपट्ट्यांची प्रकाशसंवेदनशीलता वाढवली. जलरोधक पेटीतील कॅमेरा घेऊन उथळ पाण्यात काम केल्याने तांबडा प्रकाश काही प्रमाणात उपलब्ध राहिला. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या तराफ्यावर सुमारे एक पौंड मॅग्नेशियम चूर्ण ठेवून ते विजेच्या साहाय्याने पेटवले जाई व त्याच क्षणी छायाचित्र टिपले जाई. हे काम धोक्याचे होते. चूर्णाचा अकाली भडका उडून लाँगली गंभीररीत्या भाजले, तरीही प्रयोग थांबले नाहीत. हॉगफिश व इतर माशांची ही छायाचित्रे जानेवारी १९२७ च्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकात प्रसिद्ध झाली.

मृत्यू व वारसा
लाँगली यांचे १९३७ मध्ये निधन झाले. टोर्तुगासच्या माशांची त्यांची अपूर्ण राहिलेली सूची सॅम्युएल हिल्डेब्रँड यांनी पूर्ण केली व ती १९४१ मध्ये प्रकाशित झाली. प्रयोगशाळा मात्र त्यापूर्वीच, १९३९ मध्ये, बंद झाली होती.