गुहेतून घरी परतलेला हिशेबनीस



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

हे दोन श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतील. भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपाळू माणसाला तो साधत नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, झोपणं-जागणं आणि कामं करणं प्रमाणात आहे, त्याचं दुःख योग दूर करतो. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी हे 'डाएटचे श्लोक' म्हणूनच वाचत होते. जेवण हलकं, झोप वेळेवर, संपलं. त्यात कामं करणंसुद्धा आहे, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

आज लक्ष गेलं, कारण गेले २२ दिवस मी ध्यानाला बसलेली नाही.

झालं असं, की वर्षभर रजा साठवून मी हिमालयात जायचं ठरवलं होतं. काठगोदामपर्यंतचं रेल्वेचं तिकीट, पुढे राणीखेत, द्वाराहाट आणि तिथून वर द्रोणगिरीच्या डोंगरावर महावतार बाबाजींची गुहा. तिथे बसून ध्यान करायचं, एवढंच डोक्यात होतं. निघायच्या चार दिवस आधी आई बाथरूममध्ये घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. साठवलेली सगळी रजा दवाखान्यात गेली. त्यानंतर सकाळी तिचे व्यायाम, मग लॅपटॉप, रात्री पुन्हा कॉल. एके दिवशी चिडून मी तिला बोलून गेले की तुझ्यामुळे माझी साधना बुडाली. ती काहीच बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवसापासून आसन गुंडाळून कपाटात ठेवलंय. बसायला वेळ नव्हता असं नाही. बसायला तोंड नव्हतं.

आज पहाटे आईला औषध देऊन झाल्यावर ज्यांच्यासाठी मी त्या गुहेकडे निघाले होते, त्या लाहिरी महाशयांचं चरित्र पुन्हा उघडलं. तेच आज तुम्हाला सांगते.

श्यामाचरण लाहिरी यांचा जन्म ३० सप्टेंबर १८२८ चा. बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात, कृष्णनगरजवळच्या घुर्णी गावात. आई लहानपणीच गेली. नदीने पात्र बदललं आणि पुरात घरदार गेलं. मग वडील गौरमोहन कुटुंबाला घेऊन कायमचे काशीला आले. श्यामाचरण तिथेच वाढले, संस्कृत शिकले, इंग्रजीही शिकले. १८४६ मध्ये काशीमोनी देवींशी लग्न झालं. पुढे तिनकौडी आणि दुकौडी हे दोन मुलगे आणि मुली, असा भरला संसार. १८५१ मध्ये इंग्रज सरकारच्या लष्करी अभियांत्रिकी खात्यात नोकरी लागली. काम काय? हिशेब लिहिण्याचं. आजच्या भाषेत सांगायचं तर अकाउंट्स डिपार्टमेंट. बदल्या, वरिष्ठ, कागदपत्रं, महिन्याचा पगार. आपल्यासारखंच.

अशी दहा वर्षं गेली. १८६१ मध्ये ते दानापूरला होते तेव्हा एक तार आली, राणीखेतला बदली. वय ३३. तिथे काम फार नव्हतं, म्हणून फावल्या वेळात डोंगरात फिरायचे. एकदा चालता चालता कोणीतरी नावाने हाक मारली. वर चढून गेले तर एक तरुण साधू हसत उभा. त्याने गुहेतलं जुनं आसन आणि घोंगडी दाखवून हे ओळखीचं वाटतं का असं विचारलं. श्यामाचरणांना काहीच आठवेना. साधूने कपाळावर हात ठेवला आणि मागच्या जन्मीची साधना डोळ्यांसमोर उभी राहिली, असं परंपरेत सांगतात. ते साधू म्हणजे बाबाजी. तिथेच क्रियायोगाची दीक्षा झाली आणि पुढचे सात दिवस श्यामाचरण समाधीत होते.

आता नीट ऐका, कारण हा भाग मी याआधी कितीतरी वेळा वाचून पुढे गेले होते.

समाधीतून उठल्यावर श्यामाचरणांनी गुरूंकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे मला परत पाठवू नका, इथेच तुमच्याजवळ राहू द्या. बाबाजींनी नाही म्हटलं. बायको-मुलं आणि नोकरी गळ्यात पडल्यावरच ही भेट व्हावी, यामागे हेतू होता, असं त्यांनी समजावलं. संसारात राहून योग साधता येतो हे लोकांना प्रत्यक्ष दिसायला हवं होतं, आणि ते दाखवायला गुहेतला माणूस चालणार नव्हता. दुसरी मागणी अशी, की ही क्रिया फक्त सर्वसंगपरित्याग केलेल्यांना देण्याचा जुना नियम आहे, तो सैल करा. मनापासून मागणाऱ्या प्रत्येकाला ती देऊ द्या. ही मागणी बाबाजींनी लगेच मान्य केली. त्या वेळी त्यांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या आश्वासनाची आठवण करून दिली, असं सांगतात. या धर्माचं थोडं आचरणसुद्धा मोठ्या भयातून सोडवतं, तेच ते आश्वासन.

म्हणजे बघा, स्वतःसाठी मागितलं ते मिळालं नाही. दुसऱ्यांसाठी मागितलं ते मिळालं.

दहा दिवसांनी ते कचेरीत परतले. सहकारी समजत होते की बाबू डोंगरात हरवले. थोड्याच दिवसांत वरून पत्र आलं की राणीखेतची बदली चुकून झाली होती, दुसऱ्याच कुणाला पाठवायचं होतं, तुम्ही दानापूरला परत जा. श्यामाचरण परत गेले. पुन्हा तेच टेबल, तीच वही.

मी आज बोटांवर हिशेब केला. १८६१ ला दीक्षा आणि १८८६ ला पेन्शन. म्हणजे समाधीचा अनुभव घेतलेला माणूस त्यानंतर २५ वर्षं सरकारी नोकरी करत होता! शिवाय मिळकतीला जोड म्हणून शिकवण्याही घेत होता. रात्री काशीतल्या घरी बैठकीच्या खोलीत साधक जमायचे. लाहिरी महाशय पद्मासनात बसलेले असायचे, डोळे अर्धवट मिटलेले. येणाऱ्यांत काशीनरेश ईश्वरीनारायण सिंह होते आणि साधे कारकूनही होते. अब्दुल गफूर खान हे मुसलमान शिष्यही होते. कुणालाही धर्म बदलायला सांगितलं नाही. मुसलमानाने आपला नमाज पढावा, हिंदूने आपली उपासना करावी आणि रोज क्रियेला बसावं, एवढंच. घर सोडून संन्यास घ्यायला निघालेल्यांना तर ते सहसा परावृत्तच करायचे. स्वतःच्या नावाने संस्था काढू दिली नाही. श्रीरामपूरचे स्वामी श्रीयुक्तेश्वर त्यांचेच शिष्य आणि त्यांचे शिष्य परमहंस योगानंद, ज्यांचं 'योगी कथामृत' आपल्यापैकी अनेकांच्या उशाशी असतं.

योगानंदांच्या वडिलांची गोष्ट तर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. भगवतीचरण घोष रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. हाताखालच्या अविनाशबाबूंनी काशीला गुरुदर्शनासाठी आठवडाभराची रजा मागितली. साहेबांनी थट्टा केली आणि कामात लक्ष घाल म्हणून सुनावलं. त्याच संध्याकाळी घरी जाताना मोकळ्या मैदानात लाहिरी महाशय त्यांच्यासमोर प्रकटले, नोकरमाणसाशी फार कठोर वागतोस असं म्हणाले आणि दिसेनासे झाले. रजा तर मिळालीच, पण साहेब स्वतः सपत्नीक काशीला गेले आणि दीक्षा घेऊन आले. मला यातली गंमत अशी वाटते की गुरूंनी अविनाशबाबूंना नोकरी सोड असं सांगितलं नाही. साहेबांना कठोरपणा सोडायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या घरात सगळं सोपं नव्हतं. खोलीत साधकांची गर्दी असायची, पण घर चालवायचं काशीमोनी देवींना. सगळं लक्ष शिष्यांकडे आणि घरात पैशांची ओढ, अशी त्यांनी एकदा नवऱ्याकडे तक्रार केली होती. ही तक्रार चरित्रातून कोणी गाळली नाही, हे मला फार आवडतं. त्याआधीच त्या स्वतःही त्यांच्या शिष्या झाल्या होत्या. पण मला आज वाटलं, ध्यानाला बसलेल्या प्रत्येक माणसामागे कोणीतरी चूल पेटवत असतं. आमच्या घरी इतकी वर्षं ते आई करत होती. पहाटे पाचला मी डोळे मिटून बसायचे आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून ती माझं आवरेपर्यंत गॅस लावायची नाही. हे मला तिचं हाड मोडल्यावर कळतंय.

२६ सप्टेंबर १८९५ ला, भक्तांना गीता समजावून सांगत असतानाच, लाहिरी महाशयांनी काशीत देह ठेवला. गृहस्थाप्रमाणेच मणिकर्णिका घाटावर अग्निसंस्कार झाला.

तर मित्रांनो, परत आजच्या श्लोकाकडे. याच सहाव्या अध्यायात दहाव्या श्लोकात भगवंत एकांतात बसायला सांगतात. आपल्या ज्ञानोबा माउलींनी पुढे त्या आसनाचं आणि कुंडलिनीचं किती सविस्तर वर्णन केलंय! मी तो एकांत काठगोदामच्या पुढे शोधत होते. ज्या गुहेत लाहिरी महाशयांना घरी जा असं सांगितलं गेलं, त्याच गुहेकडे मी घरापासून पळत निघाले होते. एकांत हवाच. पण त्यांनी तो मुलाबाळांच्या घरात, रात्री, ऑफिसनंतर मिळवला. सतराव्या श्लोकात कामांचाही उल्लेख आहे, तो यासाठीच. काम हा साधनेतला अडथळा असता, तर भगवंतांनी त्याला प्रमाण सांगितलं नसतं, थेट सोडायलाच सांगितलं असतं.

तुमच्यापैकीही अनेकांची साधना परीक्षा, शिफ्ट, लहान बाळ, आजारी माणूस यांच्यात अडकली असेल. तासभर जमत नसेल तर वीस मिनिटं बसा. वीस जमत नसतील तर दहा. क्रिया मात्र पुस्तक किंवा व्हिडिओ बघून करू नका, ती गुरूंकडूनच घ्यायची असते. दीक्षा नसेल तर नाम आहे, श्वासाकडे बघणं आहे. आणि बसून उठल्यावर घरातल्या माणसाशी आपण कसं बोलतो, तेही जरा बघा.

आज मी आसन कपाटातून काढलं आणि आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर पसरलं. बसण्याआधी तिची माफी मागितली. ती म्हणाली आधी मला पाणी दे, मग बस. पाणी दिलं. मग वीस मिनिटं बसले. मन काही लागलं नाही, निम्मा वेळ तिच्या कण्हण्याकडे कान होता. तरी उठताना २२ दिवसांचं ओझं छातीवर नव्हतं.

द्वाराहाटला मी जाईन कधीतरी. घाई नाही.

आजचा संकल्प : आज घरातलं एक काम, जे आपण साधनेच्या आड येतं म्हणून कुरकुरत करतो, ते एकदा गुरूंनी सांगितलेलं काम समजून करून बघूया.

गुरुदेवांच्या चरणी नमस्कार.
हरिः ॐ तत्सत्.